शाळेचा निधी, शाळेचे नाव आणि शिक्षकांचे मनोबल

अभ्यासलेख



दर वर्षी जून जवळ आला की मंडळ्यांतून एक प्रश्न हमखास येतो : "आदिवासी मुलांच्या शाळेसाठी आम्हाला काही द्यायचे आहे. काय द्यावे?" पुष्कळ वेळा विचारणारेच उत्तरही सुचवतात. दप्तरे, वह्या, बाके, पाण्याची टाकी, जमल्यास एखादी खोली. "शिक्षकांच्या पगाराला हातभार लावू का?" असे विचारणारे क्वचितच भेटतात. त्यात गैर काही नाही. टाकी दिसते, तिच्यावर देणाऱ्याचे नाव लिहिता येते. शिक्षकाच्या मनातला उत्साह दिसत नाही आणि त्याचा फोटोही काढता येत नाही.

चोपडा, यावल, शिरपूर आणि साक्री तालुक्यांतील पावरा, भिल्ल, तडवी आणि कोकणी वस्त्यांवर काम करताना मी अनेक शाळा चढताना पाहिल्या आणि काही उतरतानाही पाहिल्या. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या अशा दोन्ही शाळांत तीन गोष्टी एकमेकींना ओढत होत्या : शाळेकडे येणारा पैसा, शाळेचे गावात असलेले नाव आणि शिक्षकांचे मनोबल. या तिघींचा संबंध समजून घेतला तर आपले दान कोठे लागू पडेल हेही कळेल. म्हणून हा अभ्यास.

1. पैसा कोणत्या वाटेने येतो

आपल्या भागात शाळांचे चार-पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाची पैशाची वाट वेगळी आहे.

पहिला प्रकार जिल्हा परिषदेच्या शाळांचा. शिक्षकांचा पगार शासन देते. किरकोळ खर्चासाठी समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला एक अनुदान मिळते आणि ते पटावर ठरते. 30 पर्यंत मुले असतील तर 10 हजार रुपये, 31 ते 100 असतील तर 25 हजार, 101 ते 250 असतील तर 50 हजार. खडू, दुरुस्ती, स्वच्छता हे सारे त्यात भागवायचे.

दुसरा प्रकार आश्रमशाळांचा. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत. स्वयंसेवी संस्था चालवतात अशा अनुदानित आश्रमशाळा साडेपाचशेच्या आसपास आहेत. जळगाव जिल्ह्याचे काम यावलच्या प्रकल्प कार्यालयातून चालते, धुळ्याचे धुळे प्रकल्प कार्यालयातून. अनुदानित आश्रमशाळेत कर्मचाऱ्यांचा पगार शासन देते. मुलांच्या जेवणखाणासाठीचे परिपोषण अनुदान मात्र दरडोई मिळते. मूल कमी झाले की त्याचे अनुदानही कमी होते. आचाऱ्याचे काम मात्र तेवढेच राहते.

तिसरा प्रकार खासगी अनुदानित माध्यमिक शाळांचा. तेथे पगाराची काळजी नसते. चौथा प्रकार विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांचा. 'कायम विनाअनुदानित' या अटीवर मान्यता मिळालेल्या शाळांच्या बाबतीत 'कायम' हा शब्द शासनाने 2009 मध्ये वगळला. प्रत्यक्ष अनुदानाचा पहिला टप्पा 2016 मध्ये सुरू झाला, तोही पगाराच्या 20 टक्क्यांचा. पुढचे टप्पे मिळावेत म्हणून या शिक्षकांनी मुंबईच्या आझाद मैदानावर कितीदा ठाण मांडले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. वर्गात उभे राहणारा माणूस एकच, शिकवायचे पुस्तक एकच, पण एकाला पूर्ण पगार आणि दुसऱ्याला त्याचा पाचवा हिस्सा. एकाच गावात असे दोन शिक्षक शेजारी राहतात.

आश्रमशाळांतही अशी दुफळी आहे. कायम कर्मचारी आणि रोजंदारी कर्मचारी एकाच ताटातले जेवण वाढतात, एकाच वर्गाला शिकवतात. 2025 मध्ये रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले, ते आपली जागा बाहेरच्या कंत्राटदारामार्फत भरली जाईल या भीतीने. उद्या आपण येथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने पहिलीतल्या मुलाची पुढच्या वर्षाची तयारी कशी करावी?

2. पैसा पटाला बांधला की काय होते

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक असा हिशेब आहे. म्हणजे 61 मुलांची शाळा 58 वर आली की एक शिक्षक जाण्याची वेळ येते. तीन मुले गेली, पण उरलेल्या 58 मुलांचा एक शिक्षक गेला. मग दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे. एक जण तालुक्याच्या बैठकीला गेला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. पालकांना हे दिसते. ज्यांना परवडते ते मुलाला तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत घालतात. पट आणखी घटतो.

संच मान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. सातपुड्यातल्या कुटुंबांचे वर्ष मात्र वेगळ्या पंचांगावर चालते. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी आणि शेतमजुरीसाठी माणसे गुजरातकडे निघतात. होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला परततात. सप्टेंबरात भरलेला वर्ग जानेवारीत अर्धा रिकामा दिसतो. प्रामाणिक शिक्षक हजेरीपटावर 'गैरहजर' लिहितो आणि वरून त्यालाच विचारणा होते : उपस्थिती कमी का?

पैसा आकड्याला असा घट्ट बांधला की आकडा फुगवण्याचा मोह होतो. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर विशेष पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची लाखो नावे प्रत्यक्ष वर्गात सापडली नाहीत. काही संस्थांनी केलेल्या लबाडीचा डाग सगळ्या शाळांवर पडला. "शाळावाले म्हणजे खोटी नावे लिहून अनुदान खाणारे," असे लोक सर्रास बोलू लागले. ज्यांनी एकही खोटे नाव लिहिले नव्हते त्या शिक्षकांनीही ते ऐकून घेतले. पैशाच्या लोभाने नाव गेले, आणि गेलेल्या नावाने मनोबल खाल्ले.

3. जुना धडा : निकालावर पगार

हा प्रश्न आजचा नाही. 1862 मध्ये इंग्लंडमध्ये 'निकालाप्रमाणे अनुदान' अशी पद्धत आली. निरीक्षकाने परीक्षा घ्यायची आणि जितकी मुले पास होतील तितके पैसे शाळेला. तीच पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतिराव फुले यांनी आपले निवेदन दिले, त्यात त्यांनी या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडी अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यात निकालावर पैसे ही पद्धत चालणार नाही. अशा वस्तीत कोणी शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोटच भरणार नाही. तेथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजनच हवे. प्राथमिक शिक्षकाला महिना निदान 12 रुपये आणि मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये पगार असावा, असेही त्यांनी सुचवले होते.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर हे वाचताना मला आपले पाडे डोळ्यांसमोर येतात. जे मूल घरी पावरी बोलते, ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पाटी धरली आहे, त्याला दुसरीपर्यंत मराठी वाचायला लावणे हे शहरातल्या दहावीच्या निकालापेक्षा मोठे काम आहे. पण निकालाच्या तक्त्यात ते दिसत नाही. फक्त तक्ता पाहून शाळेला 'चांगली' किंवा 'वाईट' म्हटले तर सर्वांत अवघड काम करणारा शिक्षक सर्वांत वाईट ठरतो. इंग्लंडनेही ती पद्धत शेवटी 1890 च्या दशकात सोडून दिली.

4. एक शाळा कशी उतरली

सातपुड्याच्या पायथ्याशी एक खासगी माध्यमिक शाळा आहे. तिचे नाव येथे देत नाही. अंशतः अनुदान, जुनी इमारत, पण गणिताचे सर चांगले. स्वतः पावरा समाजातले, त्याच पट्ट्यात वाढलेले. मुलांना अपूर्णांक शिकवताना ते भाकरीचे तुकडे करायचे आणि अडले तर पावरीत समजावून सांगायचे. आठवडे बाजारात पालक भेटले की म्हणायचे, "सर आहेत म्हणून मुलगी पाठवतो."

हातात येणाऱ्या पैशात घर चालेना. सर सुट्टीत पिकअप चालवायचे, केळीच्या हंगामात गाडी भरायला जायचे. संस्थेने पुढचा टप्पा आला की सारे सुरळीत होईल असे सांगितले. सरांनी चार वर्षे वाट पाहिली. पाचव्या वर्षी ऐन जानेवारीत ते तालुक्याच्या गावी एका खासगी क्लासमध्ये रुजू झाले. त्यांच्या जागी तासिकेवर कोणी आले, महिन्याभरात गेले. दहावीच्या वर्गाला गणिताचा शेवटचा भाग कोणी शिकवला नाही.

निकाल काय लागला असेल, हे सांगायला नको. जूनमध्ये बाजारात पालकांचे बोलणे बदलले होते. आठवीत आणि नववीत कमी मुले आली. त्यातही मुली अधिक गळाल्या. मुलाला दूरच्या शाळेत पाठवतात, मुलीला घरी ठेवतात. त्यातल्या दोन मुलींची लग्ने त्याच उन्हाळ्यात ठरली.

शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांवर काय परिणाम झाला, तेही मी पाहिले. आधी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत मुलांविषयी बोलणे व्हायचे. आता बोलणे एकच : "तुझे कुठे जमते का?" मुख्याध्यापक चांगले गृहस्थ आहेत. ते मला म्हणाले, "ताई, मुलं सोडून गेली त्याचं दुःख आहेच. पण राहिलेल्या शिक्षकांना थांबा म्हणायला माझ्याकडे तोंड नाही."

येथे साखळी नीट पाहा. पैसा उशिरा आला, म्हणून माणूस गेला. माणूस गेला, म्हणून नाव गेले. नाव गेले, म्हणून पट घटला. पट घटला, म्हणून पुढचा पैसा आणखी अवघड झाला. आणि साखळीच्या शेवटच्या कडीला दोन मुली होत्या, ज्यांचा यात काहीच दोष नव्हता.

5. साखळी उलटीही फिरते

हेच चाक वरच्या दिशेनेही फिरू शकते, आणि त्याची उदाहरणे आपल्याच खान्देशात आहेत.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला नाव मिळाले ते प्रताप शेठजींचे. गिरणीमालक असलेल्या शेठजींनी शिक्षणासाठी मोठा पैसा दिला. पण महाराष्ट्रभर त्या शाळेची ओळख आहे ती एका शिक्षकामुळे. साने गुरुजी 1924 ते 1930 अशी सहाच वर्षे तेथे होते. छात्रालयातील मुलांची आईच्या मायेने सेवा करणारा, त्यांच्यासाठी रोज हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढणारा हा शिक्षक कोणत्याही निधीतून विकत घेता आला नसता. पण शाळा, छात्रालय, महिन्याचा पगार हे नसते तर गुरुजींना ती मुले कोठे भेटली असती? शेठजींच्या दानाने घर बांधले, गुरुजींनी त्यात दिवा लावला. दोघांपैकी एकालाच श्रेय देणे बरोबर होणार नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याचे काम हाती घेतले. त्यांनी नुसते पैसे पाठवले नाहीत. ते सुट्टी काढून येत, तालुक्या-तालुक्यांत प्रेरणा सभा घेत, शिक्षकांशी आणि गावकऱ्यांशी बोलत. गावाने वर्गणी काढायची, त्यात ते आपली भर घालायचे. अशा रीतीने धुळे जिल्ह्यातील अकराशेहून अधिक शाळा डिजिटल झाल्या. पडद्यापेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या गावाने शाळेला कधी काही दिले नव्हते, त्या गावाने दिले. आणि ज्या शिक्षकाला वर्षानुवर्षे कोणी "तुम्ही चांगले काम करता" असे म्हटले नव्हते, त्याच्यासमोर जिल्ह्याबाहेरून आलेला माणूस ते सभेत बोलला.

मात्र याची पुढची बाजूही सांगितली पाहिजे. पडद्याला वीज लागते आणि विजेला दर महिन्याला बिल. बिल थकल्यामुळे शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून येत असतात. उत्साहाने आणलेली वस्तू कपाटात बंद पडली की शिक्षक तिच्याकडे पाहून अधिकच खचतो. एकदाच मिळालेल्या मोठ्या दानाला दर महिन्याच्या लहान दानाची जोड नसेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

तिसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. तेथील जिल्हा परिषद शाळांनी मुलांना करून शिकण्याची संधी देणारी पद्धत रुजवली. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला त्या काळात राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहायला जात होते. आपले काम पाहायला दुसरा शिक्षक लांबून येतो, याचे मोल पगारवाढीइतकेच असते. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या एवढ्याच साधनांवर हे उभे राहिले होते.

6. पगार पुरेसा आहे, तरी मन नाही

आता एक न्याय्य आक्षेप घेऊ. कोणी म्हणेल, "पूर्ण पगार घेणारे शिक्षक तरी कोठे मनापासून शिकवतात?" तसे शिक्षक आहेत, नाही असे नाही. तालुक्याच्या गावी राहायचे, रोज अपडाउन करायचे, घंटा वाजली की पहिली गाडी पकडायची. म्हणजे पगार झाला की मनोबल आपोआप येते असे नाही.

पण मी अशा काही शिक्षकांशी निवांत बोलले आहे. नव्याने लागलेला शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर असतो. प्राथमिकचे हे मानधन 2012 पासून 6 हजार रुपये होते, 2023 मध्ये ते 16 हजार झाले. अनेकांनी आपली उमेदीची वर्षे त्या सहा हजारांत काढली. नंतर पगार वाढला, पण तोपर्यंत मन आटले होते. पाड्यावर राहायला खोली नाही, बाईंसाठी स्वच्छतागृह नाही, शिकवण्यापेक्षा माहिती भरण्याची कामे जास्त. आणि वरून "आदिवासी शाळा म्हणजे अशीच" हे शब्द. चांगले काम केले तरी तेच ऐकायचे, वाईट केले तरी तेच. मग माणूस कष्ट कशाला करील?

म्हणून मनोबलासाठी तीन गोष्टी लागतात असे मला वाटते : वेळेवर मिळणारा पगार, काम करता येईल अशी साधी सोय, आणि खरे कौतुक. पहिली नसेल तर दुसऱ्या दोन टिकत नाहीत. पहिली असून दुसऱ्या दोन नसतील तर माणूस हजर राहतो, पण शिकवत नाही.

7. नाव कसे जपावे

नावाविषयी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. नाव हे फळ आहे. ते शेवटी येते. ते आधी मिळवायला गेले की रंगवलेल्या भिंती, मोठे फलक आणि पाहुण्यांसमोर नाचवलेली मुले एवढेच हाती लागते.

नाव जाईल या भीतीने वाईट गोष्ट लपवली तर त्याची किंमत मुले मोजतात. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न इतका गंभीर झाला की त्याच्या अभ्यासासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ताप आलेले मूल वेळेवर दवाखान्यात न पोचणे, रात्री वसतिगृहात अधीक्षिका नसणे, या गोष्टी लपवून सुटत नाहीत. जी शाळा पालकांना बोलावून सांगते, "आमच्याकडे अधीक्षिकेची जागा रिकामी आहे, आपण मिळून काय करू?" त्या शाळेवर पालकांचा विश्वास बसतो. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असावेत असे सांगितले आहे, ते याचसाठी.

आणि येथे आपण देणगीदारही येतो. आपण फक्त आनंदाच्या बातम्या मागितल्या तर शाळा आपल्याला फक्त आनंदाच्या बातम्या पाठवील. अहवालात 'या वर्षी सहा मुली शाळा सोडून गेल्या' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या शाळेची मदत आपण बंद केली, तर पुढच्या वर्षी ती शाळा ते वाक्य लिहिणार नाही. मुली तरीही जातील.

8. मग आपण काय करावे

• एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे वचन द्या. रक्कम लहान असली तरी चालेल. तिच्या भरवशावर मुख्याध्यापक एखाद्या शिक्षकाला "थांबा" म्हणू शकतो.

• कोणाचे लक्ष जात नाही असे खर्च उचला : विजेचे बिल, आजारी शिक्षकाच्या जागी येणाऱ्याचे मानधन, शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह, पाड्यावर राहण्याच्या खोलीचे भाडे.

• कापणीच्या सणाच्या दानातून एक लहान उसनवार निधी उभारता येईल. पगार दोन-तीन महिने लांबला की शिक्षकाने त्यातून उचल घ्यावी आणि पगार झाला की परत भरावी. सावकाराकडे जाण्याची वेळ टळेल. हिशेब दर तिमाहीला मंडळीसमोर वाचावा.

• दान देण्यापूर्वी शाळेला तीन प्रश्न विचारा : गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? शेवटचा पगार कधी झाला? होळीनंतर किती मुले परत आली?

• शाळेला भेट द्याल तेव्हा वर्गाबरोबर शिक्षकखोलीतही बसा. चहा घ्या. विचारा, ऐका. आभाराचे पत्र आचारी-कामाठ्यालाही पाठवा.

वर सांगितलेल्या माध्यमिक शाळेत सध्या गणिताची जागा पुन्हा भरली आहे. नवीन बाई तरुण आहेत, आल्या तेव्हापासून संध्याकाळी दहावीचा जादा तास घेतात. त्या किती दिवस राहतील हे मुख्याध्यापकांना सांगता येत नाही. 30 सप्टेंबरला पट मोजला जाईल. त्याआधी शाळेला कोणी वर्षभराचा भरवसा दिला, तर बाई राहतील, असे मला वाटते. आणि बाई राहिल्या तर बाजारातले बोलणेही हळूहळू बदलेल.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीने आजवर शाळांना जे दिले, त्यातले किती वस्तूंवर आणि किती माणसांवर खर्च झाले?

2. आपल्या गावातील शाळेविषयी आपण स्वतः बाजारात, लग्नात, बैठकीत काय बोलतो? ते आपण पाहिलेले असते की ऐकलेले?

3. एखाद्या शाळेने वाईट बातमी प्रामाणिकपणे कळवली, तर आपला पहिला प्रतिसाद काय असेल?

4. दरमहा एक शिक्षक टिकवण्यासाठी आपला गट किती देऊ शकेल? आकडा ठरवूनच बैठक संपवा.